फोटोवाल्या दादांची तीन मिनिटं

फोटोवाल्या दादांना मी जिवंतपणी कधी भेटले नाही. आमची ओळख झाली ती ते गेल्यावर आठ महिन्यांनी, त्यांच्या कॉम्प्युटरच्या पोटात.

मी मूळची टेलिफोन ऑफिसातली. एकोणीस वर्षं लोकांच्या वायरी जोडल्या. मग ते ऑफिसच बंद पडलं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मी कॉम्प्युटर दुरुस्ती शिकले. लोक मला केबलबाई म्हणतात, कारण कुठेही गेले की मी आधी केबल बदलून बघते. हसतात, पण निम्मे आजार केबलचेच निघतात.

दादांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणते, मीही तेच म्हणायला लागले. साठीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना काउंटरवरची नसलेली धूळ पुसत राहणाऱ्या. दुकान म्हणजे शिंपी आणि चावीवाला यांच्या मधली एक चिंचोळी खोली. पुढे काउंटर, त्यावर कॉम्प्युटर आणि प्रिंटर. मागे राखाडी पडदा, एक स्टूल, दोन दिवे. ओळखपत्राचे फोटो काढायचे आणि लोकांनी आणलेल्या पेनड्राइव्हमधून, हार्ड डिस्कमधून फोटो छापून द्यायचे, एवढाच व्यवसाय.

वहिनींची तक्रार साधी होती.

"पेनड्राइव्ह लावला की मशीन नुसतं बघत बसतं," त्या म्हणाल्या. "एकदा का फोटो दिसले की पुढे सगळं झटपट. पण दिसेपर्यंत माणूस ताटकळतो आणि निघून जातो."

"कधीपासून होतंय?"

"हे गेल्यापासून." मग म्हणाल्या, "नाही, खोटं कशाला बोलू. आधीही व्हायचं. पण हे गप्पा मारायचे ना. गिऱ्हाइकाला बोलण्यात असं गुंतवायचे की वेळ कळायचाच नाही. मला तसं बोलता येत नाही. मी आणि गिऱ्हाईक, दोघं उभे राहतो त्या दिव्याकडे बघत."

दिवा म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीवरचा तो बारीक लाल ठिपका. डिस्कवर काही वाचलं जात असलं की तो लुकलुकतो. मी माझा पेनड्राइव्ह लावला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीच आलं नाही, पण दिवा मात्र लुकलुकायला लागला. एकसारखा नाही, थांबून थांबून. कोणीतरी पान वाचतंय, उलटतंय, पुन्हा वाचतंय, तसा. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर चावीवाल्याची कानस किरकिरत होती, तरी माझ्या मानेवर काटा आला. पन्नास सेकंदांनी पेनड्राइव्ह पडद्यावर उगवला आणि दिवा शांत झाला.

"बघितलंत?" वहिनी हळूच म्हणाल्या.

मी केबल बदलली, फरक नाही. पेनड्राइव्ह खुपसायचं पुढचं पोर्ट सोडून मागचं घेतलं, कारण पुढच्या पोर्टांना कधी कधी वीज कमी पडते. फरक नाही. स्वतःची वीज घेणारा हब, म्हणजे जास्तीच्या पोर्टांची डबी, लावून बघितला, तरी तेच. तोच पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला, तर दोन सेकंदांत हजर. माझ्या लॅपटॉपवरही विंडोजऐवजी लिनक्स, दादांच्या मशीनवरही लिनक्स. दादांनी ते मशीन सुटे भाग आणून स्वतः जोडलेलं होतं. "मशीनने मला प्रश्न विचारायचे नाहीत, मी त्याला विचारायचे," असं म्हणायचे म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी घरातले जमतील तेवढे पेनड्राइव्ह पिशवीत घालून गेले आणि मोबाइलवर वेळ मोजत बसले. कोरा पेनड्राइव्ह दोन सेकंद. नुसती गाणी भरलेला दोन सेकंद. शंभरेक फोटो असलेला पन्नास सेकंद. माझी मोठी हार्ड डिस्क, जिच्यात आमच्या घराण्यातली वीस वर्षांची लग्नं-बारशी आहेत, तिला तीन मिनिटं. पुन्हा लावली, तीन मिनिटं. तिसऱ्यांदा लावली, तीन मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

आता खराब वायर घड्याळ बघून खराब होत नाही. आणि फोटो आहेत की गाणी हे पोर्टाला कळत नाही. कोणीतरी आत शिरून फोटोच तेवढे बघत होतं, आणि तीन मिनिटं झाली की त्याला कोणीतरी हाकलत होतं.

लिनक्समध्ये डिस्क लावली की दोन टप्पे होतात. आधी गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ती कळते. मग यूडेव्ह नावाचा एक प्रोग्राम आपल्याकडचे नियम वाचतो, त्यांत सांगितलेली कामं उरकतो आणि मगच बाकीच्यांना सांगतो की पाहुणे आलेत. मी दोन्हींची नोंद समोरासमोर लावून डिस्क जोडली. कर्नलची ओळ लगेच उमटली. यूडेव्हची ओळ तीन मिनिटांनी. सिस्टिमच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, कारणही होतं: नियमातलं एक काम फार वेळ चाललं, म्हणून मारून टाकलं. यूडेव्ह कोणासाठीही तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही.

मी नियमांची यादी उघडली. सगळ्यात शेवटी एक फाइल होती, दादांनी स्वतः घातलेली. तिचं नाव होतं "धाकटा".

"वहिनी," मी विचारलं, "धाकटा कोण?"

काउंटरवर फिरणारा त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

"हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मशीनमध्ये आहे."

"शक्यच नाही," त्या म्हणाल्या. "या घरात ते नाव काढायची बंदी आहे. सतरा वर्षं झाली."

त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मागच्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून सांगितलं. धाकटा म्हणजे दादांचा सख्खा भाऊ, त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. दोघांनी मिळून हे दुकान काढलेलं. एकदा एका लग्नाचे सगळे फोटो धाकट्याच्या हातून पुसले गेले. रिकामी डिस्क समजून त्याने भरलेलीच डिस्क साफ केली. नवऱ्यामुलीची आई दुकानात येऊन रडली. लग्नानंतर तीनच आठवड्यांत मुलीचे वडील वारले होते आणि त्यांचे शेवटचे फोटो त्याच डिस्कमध्ये होते. दादांनी त्या बाईंच्या देखत धाकट्याच्या कानाखाली वाजवली. धाकटा शिंप्याकडे टाकलेली पँट घेऊन येतो म्हणाला आणि गेला. पँट अजून शिंप्याकडेच होती.

"मग शोधलं नाही?"

"मी म्हटलं, शोधा. तर हे म्हणाले, तो माझ्या लेखी मेला. पुन्हा विषय काढलास तर मी जेवणार नाही. दोन दिवस खरंच जेवले नाहीत. मग मी तोंडाला कुलूप लावलं." मग म्हणाल्या, "इतका दगड माणूस मी दुसरा पाहिला नाही हो. चांगला होता, पण या एका बाबतीत दगड."

मी ती फाइल उघडली. नियम एका स्क्रिप्टकडे, म्हणजे ओळीने हुकूम लिहिलेल्या प्रोग्रामकडे, बोट दाखवत होता. स्क्रिप्ट लांबलचक, शिकाऊ हाताने लिहिलेली, पण चालणारी. कोणतीही डिस्क लागली की तिच्यात काहीही न बदलता ती उघडायची. एकेक फोटो घ्यायचा. त्यातला प्रत्येक चेहरा एका ठरावीक चेहऱ्याशी ताडून बघायचा. जुळल्यासारखा वाटला तर तेवढा चेहरा कापून एका फोल्डरमध्ये ठेवायचा. सगळ्यात वर दादांनी स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली होती: "धाकटा सापडेपर्यंत चालू ठेवणे."

मी ती ओळ वहिनींना वाचून दाखवली. त्यांना पहिल्यांदा कळलीच नाही. मग मी सगळं नीट उलगडून सांगितलं. सांगता सांगता मला त्या गप्पांचा अर्थ लागत गेला. इतकी वर्षं तो माणूस काउंटरला रेलून लोकांना हवापाणी विचारत होता, विनोद सांगत होता आणि मागे मशीन त्या लोकांच्या लग्नांतून, सहलींतून, वाढदिवसांतून त्याच्या भावाला शोधत होतं.

तीन मिनिटांत मोठी डिस्क संपत नाही हे दादांना कळलेलं होतं. म्हणून दर वेळी फोटोंची यादी उलटसुलट करून घ्यायची सोय त्यांनी केली होती, म्हणजे निदान नशीब तरी बदलावं. खरं तर थोडा फेरफार केला असता तर शोध मागच्या मागे चालू राहिला असता आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागला नसता. त्यांना ते येत नव्हतं, की कोणीतरी एकदा विचारावं, दादा, एवढा वेळ का लागतो, असं वाटत होतं, हे मला सांगता येणार नाही.

"पण धाकट्याचा फोटो कुठून आणला?" वहिनींनी विचारलं. "यांनी तर सगळे जाळले. माझ्यासमोर."

तो ठरावीक चेहरा मी उघडला. एक नव्हता, सतरा होते, दर वर्षीचा एक. सगळ्यांत स्टुलावर बसलेले, सरळ कॅमेऱ्यात बघणारे खुद्द दादा. आणि एकाही फोटोत मिशी नव्हती.

वहिनींनी तोंडावर हात घेतला.

दादांना भरघोस मिशी होती. वर्षातून एकदा, कोणाला काही न सांगता, ते ती सफाचट करायचे. गल्ली हसायची. शिंपी विचारायचा, काय दादा, पैज हरलात का? वहिनींना वाटायचं, असेल काहीतरी खूळ. आता कळलं. दोघं भाऊ एका साच्यातले, फरक होता तो फक्त मिशीचा. फोटो जाळून टाकल्यावर धाकट्याचा चेहरा जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, दादांच्या स्वतःच्या तोंडावर. आणि तो दर वर्षी म्हातारा होत असणार हेही त्यांनी धरलं होतं, म्हणून दर वर्षी नवा फोटो.

फोल्डरमध्ये अकराशेच्या वर चेहरे निघाले. वहिनींना मी बघू नका म्हटलं, पण त्या ऐकेनात. एका पडद्यावर चाळीस चाळीस चेहरे. कोणी वरातीत, कोणी समुद्रकाठी, कोणी दुसऱ्याच कोणाच्या फोटोत मागे चुकून उभा. सगळे अनोळखी, आणि प्रत्येकात दादांचं काहीतरी, भुवई, हनुवटी, डोळ्यांतला त्रासिकपणा. नवरा जाऊन आठ महिने झालेल्या बाईसमोर तिचा नवरा चाळीस चाळिसाच्या रांगेने उभा राहत होता.

"अहो, किती हे," त्या पुटपुटल्या. कोणाला म्हणाल्या, कळलं नाही.

मग माझं लक्ष तारखांकडे गेलं. शेवटचे तीसेक चेहरे दादा गेल्यानंतरचे होते. मशीनला कोणी थांब म्हटलंच नव्हतं. त्यातला एक चेहरा स्क्रिप्टने इतक्या खात्रीने जुळवला होता की आधीच्या सतरा वर्षांत तेवढा आकडा कधी आला नव्हता. दादा जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. डिस्कचं नाव होतं "सहल".

"ही शाळेतल्या बाईंची," वहिनी उठूनच उभ्या राहिल्या. "मीच घेतली होती, या हातांनी. मी इथेच उभी होते."

हे सगळं ऐकून शाळेतल्या बाई संतापल्या आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. "त्यात माझ्या वर्गातल्या मुलांचे फोटो होते," त्या म्हणाल्या. "मी छापायला दिले होते, चाळायला नाही." वहिनी मान खाली घालून ऐकत राहिल्या. त्यांनी सबब सांगितली नाही की रडल्या नाहीत. "तुमचं बरोबर आहे. ते मी बंद करणार आहे. पण हा माणूस तुम्हाला कुठे दिसला तेवढं सांगा," एवढंच म्हणाल्या. बाईंनी बराच वेळ तो कापलेला चेहरा बघितला आणि सांगितलं. नदीच्या धक्क्यावर, बसने चार तास लांब. पलीकडे नेणाऱ्या लाँचवर हा तिकिटं फाडतो.

मला जायचं काही कारण नव्हतं. मी गेले.

धक्क्यावर पोचलो तेव्हा दुपार टळत होती. तो लाँचवर चढायच्या फळीच्या तोंडाशी उभा होता. वहिनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला. दादांचे मी फक्त फोटो पाहिले होते, पण मीसुद्धा क्षणभर थिजले. स्टुलावरचा माणूस उठून इथे येऊन उभा राहिला होता.

"काय बघताय, मावशी?" तो म्हणाला. "माझी उधारी आहे का तुमच्याकडे?"

आवाज वेगळा होता. वहिनींनी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलाच. या धक्क्यावर जन्मलो, बहुतेक इथेच बुडणार." लोक हसले. तो तिकीट फाडायला वळला तेव्हा वहिनींनी त्याचा डावा कान बघितला. धाकट्याच्या कानाची पाळी लहानपणी तारेला अडकून फाटली होती. ह्याची अखंड होती.

"नाही," त्या मला म्हणाल्या. "तो नाही."

मला वाटलं, आता परत फिरायचं. पण त्यांनी दोन तिकिटं काढली. आम्ही पलीकडे गेलो. पलीकडे आमचं काहीही काम नव्हतं. आलो. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. असं तीन वेळा. त्या कठड्याशी बसून त्या माणसाकडे बघत होत्या. तो हातवारे करत लोकांशी बोलत होता, मध्येच कपाळावरचा घाम बाहीने पुसत होता. तिसऱ्या खेपेला तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कोणी हरवलंय का तुमचं?"

"दोघं," वहिनी म्हणाल्या.

तो फळीपाशी गेला. उतरताना त्याने आमची तिकिटं फाडली नाहीत, तशीच हातात परत दिली.

परतीच्या बसमध्ये वहिनी म्हणाल्या, "मला सांगायचं होतं ना हो यांनी. मी पण बघितलं असतं. मी रस्त्याने जाताना बघितलं असतं, बाजारात बघितलं असतं. सतरा वर्षं एका घरात आम्ही दोघं त्याचा विचार करत होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "दगड म्हणत होते मी त्यांना. मनातल्या मनात. रोज."

दुसऱ्या दिवशी मी तो नियम काढून टाकला. ते सोपं होतं, एक फाइल. चेहऱ्यांचं मात्र मी स्पष्ट सांगितलं, हे लोकांचे आहेत, त्यांना न विचारता घेतलेले, हे ठेवता येणार नाहीत. वहिनींनी वाद घातला नाही. दुकान बंद ठेवून दुपारभर त्या एकेक चेहरा बघत गेल्या, अकराशेच्या अकराशे. कोणावर थांबल्या, कोणावर हसल्या. "हे बघा, असेच रुसायचे." सगळे संपल्यावर म्हणाल्या, "पुसा." मी बोट बटणावर ठेवलं. याच दुकानात एकदा कोणीतरी एक डिस्क पुसली होती, हे माझ्या मनातून जाईना.

पुसलं. वहिनींनी पेनड्राइव्ह लावून बघितला. दोन सेकंदांत पडद्यावर.

"इतक्या लवकर?" त्या म्हणाल्या, आणि काहीतरी हरवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः बोलावून खरं सांगितलं. मी म्हटलं होतं, सांगू नका, कोणाला कळणारही नाही. त्या म्हणाल्या, न सांगून काय होतं ते मी बघितलंय. काही लोक यायचे बंद झाले. शाळेतल्या बाई मात्र येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा वहिनींशी बोलल्या नाहीत, नुसती डिस्क काउंटरवर ठेवली.

आता दुकानाच्या काचेला आतून एक मोठा फोटो लावलेला आहे, दादांचा शेवटचा, मिशी नसलेला. खाली लिहिलंय, "हा माणूस दिसला तर इथे कळवा." नवखे लोक थबकतात, आत येऊन चाचरत म्हणतात, "अहो, हे तर तुमचे मिस्टर ना? ते तर गेले." त्यांना वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलंय. मग वहिनी त्यांना बसवतात आणि सगळं पहिल्यापासून सांगतात. बोलता येत नाही म्हणणारी बाई आता एकेका माणसाशी अर्धा अर्धा तास बोलते. अजून कोणाचा निरोप आलेला नाही.

एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. नियम काढण्याआधी मी ती स्क्रिप्ट आणि ते सतरा फोटो स्वतःकडे उतरवून घेतले. का घेतले, धड सांगता येत नाही. एका रविवारी घरी एकटी असताना माझ्या मोठ्या डिस्कवर ती चालवली, तीन मिनिटांची अट काढून. वीस वर्षांचे फोटो, दोन तास लागले. दिवा थांबून थांबून लुकलुकत होता आणि मी समोर बसून होते, हातातला चहा गार करत. आमच्या लग्नांतले वाढपी, बँडवाले, मांडवाच्या कडेला उभे राहून जेवणारे कोण कोण, सगळे ते यंत्र बघत गेलं. काही सापडलं नाही.

ती स्क्रिप्ट मग मी पुसली. सतरा फोटो अजून माझ्याकडे आहेत. बसस्टॉपवर, रांगेत, कोणाच्या दारात, मी आता माणसांच्या डाव्या कानाकडे बघते.